निदान ‘खोड’ तरी म्हणू नका



आज जो विषय घेतेय तो शाळेच्या ऑफिसात हसण्यावारी जातो, पालकसभेत निघतच नाही, आणि घरात निघाला तर बहुतेक वेळा लेकराच्या पाठीवर निघतो. पाच वर्षांच्या पुढच्या मुलांना लघवी न आवरणे, हा तो विषय. मग ती रात्री अंथरुणात होवो, नाहीतर दिवसा वर्गात बसल्या जागी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. “आपण डॉक्टर नाही, निदान करणं आपलं काम नाही,” असं आपण शिक्षक नेहमी म्हणतो. बरोबर आहे. पण वर्गात एखाद्याची चड्डी ओली दिसली की आपल्या तोंडून काय निघतं? ‘आळशी आहे.’ ‘खेळात ध्यान असतं.’ ‘घरी लाडावून ठेवलंय.’ ‘खोडच आहे त्याला ती.’ आता मला सांगा, हे निदान नाही तर काय आहे? लघवीची साधी तपासणी न करता, लेकराला एक प्रश्न न विचारता, एका मिनिटात केलेलं निदान! म्हणजे निदान करावं की करू नये हा प्रश्नच उरत नाही, ते आपण रोज करतोच आहोत. ते थांबवून डॉक्टरांना खरं निदान करण्यासाठी जी माहिती लागते ती आपण देणार की नाही, एवढाच प्रश्न आहे. कारण दिवसभराची माहिती डॉक्टरांकडे नसते आणि आईकडेही नसते. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच लेकरू आपल्यासमोर असतं.

पाच वर्षांच्या आत रात्री अंथरूण ओलं होणं हा आजार मानत नाहीत. पाचव्या वर्षी दर शंभर मुलांमागे साधारण पंधरा मुलं रात्री ओली होतात. सातव्या वर्षी पाच ते दहा. म्हणजे तुमच्या दुसरीच्या वर्गात तीस लेकरं असतील तर त्यात दोन-तीन अशी असणारच. तुम्हाला माहीत नाहीत, कारण ती सांगत नाहीत. ती सहलीला येत नाहीत. मामाच्या गावाला मुक्काम करत नाहीत. पाचवीत हुशार असलेलं एखादं लेकरू नवोदयच्या परीक्षेचा फॉर्म भरायला का नको म्हणतं, याचं कारण कधी कधी गणितात नसतं, तिथल्या वसतिगृहाच्या गादीत असतं.

आपल्याकडची आजी म्हणते, “काई होत न्हाई बाई, याच्या बापाचंबी असंच होतं. मोठं झालं की आपोआप ऱ्हातंय.” आजीला हसू नका. तिचं अर्धं म्हणणं पक्कं खरं आहे. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता ४० ते ४५ टक्के असते, आणि दोघांनाही असेल तर ती ७० टक्क्यांच्या वर जाते. रात्री ओल्या होणाऱ्या मुलांपैकी दरवर्षी साधारण १५ टक्के मुलं काहीही उपचार न करता कोरडी होतात, हेही खरं. (सकाळी ओली वाकळ बघून लेकरावर हात उगारणाऱ्या बापानं आधी आपल्या आईला विचारून यावं. बऱ्याच घरांत उत्तर मिळेल.) पण आजीचं दुसरं अर्धं म्हणणं, ‘काई होत न्हाई’, हे मात्र तपासल्याशिवाय मान्य करता येत नाही. कारण बहुतेक लेकरांच्या बाबतीत ते खरं निघेल आणि उरलेल्यांत कुणाचं मूत्रपिंड, कुणाचा मणका, कुणाची साखर निघेल. ओल्या चड्डीवरून ते ओळखता येत नाही. ती सगळ्यांची सारखीच दिसते.

डॉक्टर इथं पहिला फरक काय करतात ते आपण समजून घेऊ. फक्त रात्री होतं, की दिवसाही? आणि दुसरा प्रश्न, मूल मधे कधी कोरडं झालं होतं का? जन्मापासून कधीच सलग सहा महिने कोरडं राहिलं नसेल तर ती एक गोष्ट. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ व्यवस्थित कोरडं राहून पुन्हा ओलं व्हायला लागलं असेल तर ती पूर्ण वेगळी गोष्ट. या दोन प्रश्नांवर निम्मं निदान उभं आहे. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. फक्त कुणीतरी न रागावता विचारावं लागतं.

फक्त रात्रीचा त्रास असेल, दिवसा सगळं ठीक असेल आणि मूल कधीच पूर्ण कोरडं झालेलं नसेल, तर कारणं बहुधा तीन असतात. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीरात एक संप्रेरक जास्त सुटतं, ते काही मुलांत पुरेसं वाढत नाही. काहींची लघवीची पिशवी लहान असते किंवा लवकर आकुंचन पावते. आणि पिशवी भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जातो पण मूल जागं होत नाही. आता यात आळस कुठे आला सांगा? झोपेत घडणारी गोष्ट माराच्या भीतीनं थांबत असती तर मराठवाड्यात एकही वाकळ ओली झाली नसती. काळे तीळ-गूळ खाऊ घाला, त्याला माझी ना नाही, थंडीत बरंच असतं. पण ताईत बांधून वर्षं घालवू नका. पाणी तोडणं तर अजिबात नको. रात्री झोपण्याआधीचा तास-दीड तास पाणी कमी द्या, दिवसभर मात्र भरपूर पिऊ द्या. घोरणारं, तोंड उघडं ठेवून झोपणारं मूल असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढल्या की झोप बिघडते आणि अंथरूणही ओलं होतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आता दिवसाचं बोलू, कारण तिथं आपण शिक्षक येतो.

करंगळी वर करून “बाई, एकीला जाऊ?” म्हणणारं लेकरू दिवसातून किती वेळा जातं, हे तुम्ही कधी मोजलंय का? दिवसभरात चार ते सात वेळा जाणं साधारण मानतात. आठ किंवा त्याहून जास्त वेळा जाणारं मूल आपल्या डोळ्यांत भरतं, कारण ते तासाला अडथळा करतं. तीन किंवा त्याहून कमी वेळा जाणारं मूल मात्र आपल्याला ‘गुणी’ वाटतं. मला त्या गुणी मुलांचीच जास्त काळजी वाटते. त्यात मुली जास्त असतात. सकाळी घरून निघताना जाऊन येतात, आणि नंतर थेट संध्याकाळी घरी. मधे दाबून धरतात. मांड्या आवळतात, एका पायावर नाचल्यासारखं करतात, आणि एकदम खाली बसून टाच मधे रोवतात. आपल्याला वाटतं चप्पल नीट करतेय, सागरगोटा शोधतेय. ती लघवीला दार लावून धरत असते. १९६६ साली व्हिन्सेंट नावाच्या एका डॉक्टरांनी ही टाचेवर बसण्याची खूण लिहून ठेवली आणि तेव्हापासून जगभरच्या डॉक्टरांना ती त्यांच्या नावानं माहीत आहे. पण ही खूण दवाखान्यात दिसत नाही. ती दिसते परिपाठाच्या रांगेत आणि कवायतीच्या मैदानावर. म्हणजे तपासणीच्या खोलीपेक्षा आपली जागा इथं चांगली आहे.

ती दाबून का धरते, हेही विचारा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या निकषांत मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे. आपल्या बहुतेक शाळांत बांधकाम उभंही आहे. पण कडी आहे का? आत पाणी आहे का? उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्याचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या गावात प्यायचं पाणी मोजून मिळतं तिथं स्वच्छतागृहाच्या टाकीत कोण ओतणार? मग पोरी पाणीच पीत नाहीत, म्हणजे जायला नको. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, आग होते, जंतुसंसर्ग होतो, शौचाला खडा होतो, आणि पुन्हा चड्डी ओली होते. हे चक्र शाळेत सुरू झालेलं असतं आणि दोष मात्र मुलीच्या ‘खोडी’वर जातो. केरळात आणि कर्नाटकात २०१९ मध्ये शाळांतून ठरावीक वेळी ‘पाण्याची घंटा’ वाजवायला सुरुवात झाली. आपल्याकडेही ती वाजवायला कुणाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही. माझी फक्त एक भर आहे, पाण्याच्या घंटेनंतर अर्ध्या-पाऊण तासानं एकीची घंटाही द्या. सगळ्यांना एकदम. ज्याला लाज वाटते त्याला करंगळी वर करावीच लागत नाही.

शौचाचा विषय निघालाच आहे तर इथं थोडं थांबू, कारण दिवसाच्या ओल्या चड्डीमागे सगळ्यात जास्त दुर्लक्षित कारण हेच असतं. मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक आणि लघवीची पिशवी शेजारी-शेजारी आहेत. आतड्यात कडक मळ साठला की तो पिशवीवर दाबतो, पिशवीत जागा उरत नाही. माझ्या वर्गात दुसरीला एक मुलगा होता. तासाला दोनदा उठायचा, तरी ओला व्हायचा. त्याच्या आईला मी ओरडले नाही आणि समजावलंही नाही. हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर आठ दिवस रोज रेघा मारल्या, तो किती वेळा गेला, कधी ओला झाला. ते पान आईच्या हातात दिलं आणि दवाखान्यात दाखवायला सांगितलं. डॉक्टरांनी पान बघितलं, पोट तपासलं, आणि आईला पहिला प्रश्न लघवीचा नाही तर शौचाचा विचारला. लेकरू चार-चार दिवस जात नव्हतं आणि घरात कुणाच्या ध्यानातच नव्हतं, कारण ते एकटंच शेताकडे जायचं. बद्धकोष्ठाचा उपचार दोन-अडीच महिने चालला. ओलं होणं आधी कमी झालं, मग थांबलं. लघवीचं औषध एकही दिलं नव्हतं. आता आपल्या लेकरांच्या हातातले पुड्यातले कुरकुरे बघा, दप्तरातली भरलीच न जाणारी पाण्याची बाटली बघा, आणि तुम्हीच हिशोब करा.

यानंतर जे लिहितेय ते मात्र घाईचं आहे.

कार्तिक लागला की आपल्या उदगीर, जळकोट, मुखेड, कंधार भागातली किती कुटुंबं ऊसतोडीला जातात, हे तुम्हाला माहीत आहे. लेकरं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. अशातलं एखादं आठ-नऊ वर्षांचं, चांगलं कोरडं झालेलं लेकरू दिवाळीनंतर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं तर आपण सगळे एका सुरात काय म्हणतो? “आईची आठवण येते बिचाऱ्याला.” येतच असेल. आई दूर गेली, घरात भांडणं झाली, नवं बाळ आलं, तर लेकरं पुन्हा ओली होतात, हे खरं आहे. पण हे उत्तर इतकं सहज पटतं की त्याच्या पुढे कुणी जातच नाही, आणि त्याच्यामागे लहान मुलांचा मधुमेह लपू शकतो. कोरडं झालेलं मूल पुन्हा ओलं व्हायला लागलं, पाणी सारखं प्यायला लागलं, खाऊनही वाळत चाललं, वर्गात पेंगायला लागलं, मोरीत लघवीला मुंग्या लागायला लागल्या, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासायची. उद्या नाही, बाजारच्या दिवशी नाही, आई-बाप फडावरून आल्यावर तर नाहीच. बोटाला टोचून एका थेंबावर ही तपासणी होते. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास सुरू झाला तर सरळ मोठ्या रुग्णालयात न्यायचं, कारण तेव्हा तास मोजायचे असतात.

इटलीत पार्मा नावाचा प्रांत आहे. तिथल्या डॉक्टरांनी १९९१ पासून शाळांत आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक साधं पोस्टर लावलं. मूल खूप पाणी पितंय का, खूप लघवी करतंय का, पुन्हा अंथरूण ओलं करतंय का, एवढंच त्यात विचारलं होतं. त्याआधी तिथं नव्यानं मधुमेह सापडणाऱ्या मुलांपैकी ७८ टक्के मुलं रक्तात आम्ल वाढून गंभीर अवस्थेतच दवाखान्यात पोहोचत. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण साडेबारा टक्क्यांवर आलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. शिक्षक आणि आई-बाप ओल्या अंथरुणाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले, इतकंच. आपल्या शाळेच्या भिंतींवर सुविचार लिहायला जागा असते, तर या तीन ओळींना का नसावी?

आणखी काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर ‘वय वाढलं की थांबेल’ म्हणायचं नाही. मुलगी वेळेवर लघवीला जाऊन येते, तरी तिची चड्डी दिवस-रात्र कायम थोडी ओलसरच असते, कधीच कोरडी नसते. अशा वेळी मूत्रपिंडातून येणारी नळी जन्मतःच चुकीच्या जागी उघडलेली असू शकते. ती मुलगी वर्षानुवर्षं मार खाते आणि तिचा आजार शस्त्रक्रियेनं बरा होणारा असतो. मुलाची धार बारीक, तुटक असेल, जोर लावावा लागत असेल, तर लघवीच्या मार्गात जन्मजात पडदा असू शकतो आणि तो मूत्रपिंडं खराब करतो. पाठीच्या खालच्या भागात कमरेच्या मध्यावर केसांचा पुंजका, खळगा किंवा गाठ असेल, चाल बदलली असेल, एक पाऊल वाकडं पडत असेल, तर मणक्यातल्या नसांचा दोष बघावा लागतो. ही पाठ आई आंघोळीच्या वेळी रोज बघते, फक्त तिला कुणी सांगितलेलं नसतं की याचा लघवीशी संबंध आहे. ताप, आग, लालसर लघवी असेल तर संसर्गाची तपासणी. झोपेत अंग ताठ होणं, जीभ चावलेली दिसणं असेल तर फिटचा विचार.

एक गोष्ट लिहायला जड जाते, तरी लिहिते. चांगलं असलेलं लेकरू अचानक ओलं व्हायला लागलं आणि त्याचबरोबर एखाद्या माणसाला, जागेला घाबरायला लागलं, अंगाला हात लावू देईना, गप्प झालं, तर त्याच्यावर काही अत्याचार होत नाही ना, हा विचार शिक्षकाच्या मनात यायलाच हवा. आपण चौकशी अधिकारी व्हायचं नाही. त्याचं ऐकून घ्यायचं, खोदून विचारायचं नाही, आणि संशयाला आधार दिसत असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. १०९८ हा नंबर प्रत्येक वर्गात असायला हवा.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत डॉक्टरांचं पथक येतंच की. येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा. पथकात एक पुरुष आणि एक महिला डॉक्टर असतात, आणि पुढचे उपचार, गरज पडली तर शस्त्रक्रियाही, मोफत. कार्यक्रम चांगलाच आहे, मला त्याबद्दल आदर आहे. पण त्याच्या मूळ यादीत ३० आजार आणि दोष आहेत. जन्मजात मणक्याचा दोष त्यात आहे, फिट आहे, अतिचंचलता आहे. लघवी न आवरणं त्यात नाही. म्हणजे जे आजार ओल्या चड्डीतून डोकावतात त्यांतले काही यादीत आहेत, आणि ओली चड्डी यादीत नाही! मग रांगेत उभं केलेलं, मागे-पुढे मित्र असलेलं लेकरू डॉक्टरांना आपण होऊन सांगेल, “मला रात्री होतं” म्हणून? कधीच नाही सांगणार. डॉक्टरही एका दिवसात सगळी शाळा उरकत असतात. ही फट यादी बदलेपर्यंत आपणच बुजवू शकतो. पथक येणार त्या दिवशी त्या मुलाचं नाव असलेली घडी घातलेली चिठ्ठी महिला डॉक्टरांच्या हातात द्यायची. आणि पथकाची पाळी सहा महिने लांब असेल तर थांबायचं नाही, पालकांबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उदगीरच्या सरकारी रुग्णालयात पाठवायची.

चिठ्ठीत काय लिहायचं? निदान नाही लिहायचं, दिसलं तेच लिहायचं. उदाहरणार्थ असं: “वय ७, इयत्ता दुसरी. मागच्या दोन आठवड्यांत पाच वेळा चड्डी ओली, चार वेळा दुपारच्या सुट्टीनंतर. शाळेच्या वेळेत लघवीला बहुतेक दिवशी एकदाच जाते. टाचेवर बसते. पाणी कमी पिते. धावताना, चालताना अडचण दिसत नाही. हसताना होतं असं दिसलं नाही. जूनपर्यंत त्रास नव्हता.” एवढी सात-आठ वाक्यं. खाली सही, तारीख. यात ‘अभ्यासात कच्ची’, ‘घरचे लक्ष देत नाहीत’ असलं काही नको. आणि हे पान पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये, हेही सांगून ठेवते, कारण आपल्याकडे काय कुठे जाईल याचा भरवसा नाही.

घरच्यांनी दुसरी बाजू भरायची. दोन सुट्टीचे दिवस घ्यायचे, शनिवार-रविवार चालेल. माप असलेला एक प्लॅस्टिकचा डबा बाजूला ठेवायचा. लेकरू दर वेळी किती लघवी करतं, कधी करतं, किती पाणी पितं, ते लिहायचं. सात रात्री अंथरूण ओलं की कोरडं ते लिहायचं. शौचाला कधी झालं, कडक की मऊ, तेही. वयात एक मिळवायचा आणि तीसने गुणायचं, म्हणजे त्या वयाच्या मुलाच्या पिशवीत साधारण किती मिलिलिटर मावायला हवं ते निघतं. सात वर्षांच्या मुलाला २४०. (पाचवीच्या गणिताला चांगलं उदाहरण आहे, पण वर्गात घेऊ नका!) लेकरू दर वेळी ६०-७० मिलिलिटरच करत असेल तर डॉक्टरांना त्या एका आकड्यातून पुष्कळ कळतं. आई लिहू-वाचू शकत नसेल तर चौथी-पाचवीतली ताई लिहील, किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल आणि फुली करा.

बऱ्याच पालकांना भीती असते की डॉक्टर महागड्या तपासण्या लावतील. फक्त रात्रीचा त्रास असलेल्या बहुतेक मुलांना नीट विचारपूस, अंगाची तपासणी आणि लघवीची साधी तपासणी एवढंच पुरतं. दिवसाही होत असेल, संसर्ग पुन्हा-पुन्हा येत असेल किंवा वर सांगितलेली एखादी खूण असेल तर पोटाची सोनोग्राफी करतात, लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते बघतात. मणक्याचा एमआरआय वगैरे थोड्यांनाच लागतो, आणि लागलाच तर लातूरच्या किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पुढची वाट आहे. उपचारांचं मी लिहीत नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. रात्री ओलं होताच वाजणारी घंटी असते, गोळ्या असतात, पण मेडिकलवाल्याला विचारून गोळी आणायची नाही. काही गोळ्यांबरोबर रात्री पाणी जास्त प्यायलं तर जिवावर बेतू शकतं.

काही शिक्षक मित्र म्हणतील, बाई, आधीच ऑनलाइन माहिती भरता भरता नाकी नऊ येतात, त्यात आता लेकरांच्या लघवीची नोंद? मला त्यांचा राग येत नाही. तांदूळ किती किलो शिजला, मूगडाळ किती ग्रॅम, याची नोंद आपण रोज ठेवतो आणि ती ठेवावीच लागते. मी तुमच्याकडे संपूर्ण वर्गाची नोंद मागतच नाहीये. पूर्ण वर्षात दोन किंवा तीन लेकरं, प्रत्येकाचे आठ दिवस, हजेरीपटाच्या मागे रेघा. आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. ओल्या मुलाला वर्गासमोर उभं करणं यातलं काय आहे, ते प्रत्येकानं आपल्याशी ठरवावं.

वर्गाच्या कपाटात दोन चड्ड्या, एक सलवार आणि जुनं धोतर फाडून केलेली फडकी ठेवा. कुणी ओलं झालं की पाण्याचा तांब्या ‘चुकून’ सांडवा, आमच्या शाळेत हे पोरंच शिकली आहेत. आणि पालकहो, दवाखान्यात जाताना तीन गोष्टी न्या. नोंदीचं पान, बाईंची चिठ्ठी, आणि रुग्णालयातून आदल्या दिवशी आणलेल्या बाटलीत सकाळची पहिली लघवी. लेकराला बाहेर बाकावर बसवून आत जाऊन त्याची गाऱ्हाणी सांगू नका. त्याला आत न्या, खुर्चीवर बसवा, आणि पहिला प्रश्न डॉक्टरांना त्यालाच विचारू द्या.